रात्री पाठ टेकली की पाय शिवशिवतात, झोपच लागत नाही, कोणाला असा त्रास आहे का?

देवगडकरीण (रात्री २:४७)

नमस्कार मंडळी, पोस्टची वेळ बघितलीत तर अर्धा प्रश्न कळेलच. मी देवगड तालुक्यातली, वय ४३, घरची छोटी खानावळ आणि सीझनला पाहुण्यांसाठी दोन खोल्या, म्हणजे दिवसभर उभीच. दिवसा पायांना काही म्हणता काही होत नाही. रात्री भांडीबिंडी आवरून साडेदहाला आडवी झाले की दहा-पंधरा मिनिटांत सुरू. दुखतं म्हणावं तर दुखत नाही, मुंग्या म्हणाव्या तर त्याही नाहीत, पोटऱ्यांच्या आत पार हाडाजवळ कायतरी वळवळतं आणि पाय हलवला नाही तर आता वेड लागेल असं वाटतं. हलवला की थांबतं, ठेवला की परत चालू. मग उठते आणि खळ्यात चकरा मारते, तेवढा वेळ बरं, परत अंथरुणावर आले की येरे माझ्या मागल्या.

गेल्या आठवड्यात पहाटे तीनला बंदरावर निघालेल्या वाडीतल्या एका पोराने मला माडाखाली पांढऱ्या गाऊनमध्ये फिरताना बघितलं आणि तो आल्या पावली परत गेला. दुसऱ्या दिवशी वाडीभर झालं की ह्यांच्या विहिरीकडे रात्रीचं कोणतरी दिसतं. सासूबाईंनी देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, मी शेजारीच हात जोडून उभी, सांगणार कोणाला की ते भूत मीच.

खोबरेल तेल कोमट करून चोळलं, काशाची वाटी झाली, पोटऱ्यांना जुनी ओढणी आवळून बांधून झाली. माझी आई हेच करायची, लुगड्याची किनार फाडून पाय बांधायची आणि आम्ही पोरं हसायचो तिला, आता कळतंय. डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी बी ट्वेल्वचं इंजेक्शन आणि कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या आणि वयाचं आहे, टेन्शन घेऊ नका म्हणाले. हिमोग्लोबिन ११.८, "फार काही कमी नाही" म्हणे. नवरा म्हणतो झोपेत लाथा मारतेस, तो आता पडवीत झोपतो. मागे मुंबईला कोकणकन्येने गेले तर कणकवलीपासून संडास ते दरवाजा अशी रात्रभर परेड, टीसी पण विचारायला लागला तब्येत बरी आहे ना. तीन-चार तासांची झोप आहे सध्या, परवा माशाच्या कढीत दोनदा मीठ टाकलं आणि वर पाहुण्यांवरच चिडले.

हा खरंच काही आजार असतो का मी उगाच मनाला लावून घेतेय? आणि दाखवायचं कोणत्या डॉक्टरला, हाडाच्या की आणखी कोणत्या?

जाळीवाला_मालवण

बाय गे, तू एकटी नाय. माका धा वर्सां झाली ह्या. बाकीच्यांना समजूदे म्हणून साध्या मराठीत लिहितो. माझं निदान कसं झालं माहितीये, दशावतारामुळे. आमच्याकडे जत्रेला रात्रभर नाटक, लहानपणापासून पुढे बसून बघायची सवय, आणि पस्तिशीनंतर मला बसवेचना, संकासुर येऊन गेला की मी उठून मागे, परत येऊन बसायचो परत उठायचो, लोकांना वाटायचं हा प्यायला चाललाय. (तसा जायचो पण ते वेगळं.) शेवटी गोव्यात एका न्यूरोच्या, म्हणजे मेंदू-नसांच्या डॉक्टरला दाखवलं, त्याने चारच गोष्टी विचारल्या. पाय हलवायची ओढ लागते का, बसल्यावर किंवा पडल्यावर वाढतं का, चाललं की कमी होतं का, संध्याकाळी-रात्री जास्त होतं का. चारही हो, म्हणाला रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम. एमआरआय-बिमआरआय काही नाही. तुझ्या पोस्टमध्ये तर चारही न विचारता लिहिलेली आहेत.

माझे दोन अनुभव. एक म्हणजे डोकं आणि हात कशाततरी गुंतले की पाय गप्प बसतात. नुसतं बसलो की सुरू, पण फाटलेलं जाळं घेऊन शिवायला बसलो तर दीड-दोन तास काही नाही. टीव्ही चालत नाही, टीव्हीला डोकं लागतच नाही. दोन म्हणजे दारू. झोप लागेल म्हणून दोन पेग घ्यायचो, लागायची पण झोप, आणि बारा-एकला जो उठायचो तो पाय दुप्पट जोरात. ती सोडल्यावर अर्धा फरक तिथेच पडला. झोपायच्या आधी विहिरीचं गार पाणी गुडघ्याखाली ओततो, काहींना गरम मानवतं, बघ करून.

आजीबाईचा_बटवा_रायगड

हा शुद्ध वात आहे. बटाटा, चणाडाळ, वाल बंद करा, रात्री एक चमचा एरंडेल गरम पाण्यातून. १५ दिवसांत पाय शांत. हल्ली प्रत्येक गोष्टीला इंग्रजी नाव दिलं की आजार मोठा होतो.

मेडिकलवाला_चिपळूण

नाव हल्लीचं नाहीये हो आजीबाई. १६७२ मध्ये थॉमस विलिस नावाच्या इंग्रज डॉक्टरने हे लिहून ठेवलंय, म्हणजे इकडे महाराजांचा राज्याभिषेकही व्हायचा होता तेव्हा. पुढे १९४५ मध्ये स्वीडनच्या एकबॉमने नीट वर्णन करून आत्ताचं नाव दिलं, म्हणून दोघांच्या नावाने विलिस-एकबॉम डिसीज पण म्हणतात. एरंडेलाने पोट साफ होईल, पाय तिथेच राहतील.

देवगडकरीण ताई, मी डॉक्टर नाही, काउंटरमागे २२ वर्षं उभा आहे आणि स्वतःच्या बायकोला हा त्रास होता म्हणून वाचन केलंय. तुमच्या पोस्टमध्ये मला तीन गोष्टी खटकल्या.

पहिली, हिमोग्लोबिन. ते फार कमी नाही म्हणून सोडून दिलं, पण ह्या त्रासात बघायचं असतं फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. हिमोग्लोबिन म्हणजे दुकानात मांडलेला माल आणि फेरिटिन म्हणजे गोडाऊन. गोडाऊन रिकामं झालं तरी दुकान काही दिवस भरलेलं दिसतं. मेंदूत डोपामिन म्हणून एक निरोप पोचवणारं रसायन असतं, ते तयार व्हायला लोह लागतं आणि पायांच्या हालचालीवर ताबा ठेवणारं जे काही तिथे चालतं त्यात हे डोपामिन असतं, संध्याकाळनंतर त्याचं काम तसंही मंदावतं म्हणून हा त्रास घड्याळ लावल्यासारखा रात्री येतो. आता गंमत बघा, लॅबच्या रिपोर्टवर फेरिटिन १५-२० असलं तरी "नॉर्मल" छापून येऊ शकतं कारण त्यांची रेंजच तशी असते. पाय शिवशिवणाऱ्याला मात्र ७५ किंवा त्याच्या खाली असेल तर लोह द्यायचा विचार करतात. तेव्हा रिपोर्टवर गोल केलेला नाही म्हणून खुश होऊ नका, आकडा बघा. सोबत आयर्न, टीआयबीसी आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन ह्या रक्तातल्या लोहाच्याच तपासण्या पण करा, सकाळी उपाशीपोटी, आणि ताप किंवा काही इन्फेक्शन असताना करू नका, तेव्हा फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं. क्रिएटिनिन आणि शुगरही बघून घ्या, किडनीच्या पेशंटना हा त्रास पुष्कळ होतो.

दुसरी गोष्ट आई. हे घराण्यात चालतं, तुमच्या आईला होतं हे डॉक्टरांना नक्की सांगा.

तिसरी विचारायची आहे. सर्दीची गोळी, खोकल्याचं औषध, झोपेची गोळी, उलटीची, डिप्रेशनची, ह्यातलं काही चालू आहे का? आणि विचारू नये पण विचारतो, पाळीला जास्त जातं का? चहा किती?

हाडाच्या डॉक्टरकडे जाऊ नका, आधी चांगला फिजिशियन, नाहीच जमलं तर न्यूरोलॉजिस्ट.

देवगडकरीण

तुम्ही माझ्या घरात कॅमेरा लावलाय का? मला धुळीची ॲलर्जी, काजूच्या सीझनपासून शिंका चालू आहेत म्हणून रोज रात्री सर्दीची गोळी घेते, एका दगडात दोन पक्षी, गुंगी येईल आणि झोप पण लागेल म्हणून. गोळ्यांचा पत्ता बघितला, क्लोरफेनिरामिन लिहिलंय. पाळीचं म्हणाल तर दोन वर्षं भयंकर आहे, सात-आठ दिवस, पण ते वयाचं म्हणून सोडून दिलं होतं. चहा जेवल्या जेवल्या कोरा आणि दिवसातून सहा तरी, खानावळीत आलेल्या प्रत्येकासोबत अर्धा कप होतोच.

मेडिकलवाला_चिपळूण

बघा. गुंगी आणणाऱ्या सर्दीच्या गोळ्या ह्या लोकांचे पाय आणखी चाळवतात. म्हणजे डोळे मिटतायत आणि पाय पळतायत, त्याच्यासारखा छळ नाही. गुंगी न आणणारी ॲलर्जीची गोळी मिळते, डॉक्टरांना सांगून ती बदलून घ्या, किंवा नाकातला स्प्रे. उलटीची मेटोक्लोप्रमाइड, ॲमिट्रिप्टिलिन, डिप्रेशनच्या बऱ्याच गोळ्या ह्याही पायांचा त्रास वाढवू शकतात, पण वाचणाऱ्यांनी डोक्याची औषधं मनाने बंद करायची नाहीत, आधी विचारायचं, मग.

आणि जेवणाबरोबरचा चहा जेवणातलं लोह अडवतो, तो तासा-दोन तासाने ढकला, दुपारनंतरचे तर बंदच करा, झोपेचंही वाटोळं करतो तो. पाळी जास्त जाते म्हणजे गोडाऊनला खालून भोक आहे, वरून कितीही भरा. ते बाईच्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय लोह घेऊन उपयोग नाही.

माहेरवाशीण_९१

मला सातव्या महिन्यात सुरू झालेलं, मालवणला माहेरी होते, सगळे म्हणायचे बाळ नाचतंय म्हणून पाय नाचतायत 😄 डॉक्टर मॅडमनी लगेच ओळखलं, गरोदरपणात शेवटच्या तीन महिन्यांत होतं म्हणाल्या आणि लोहाच्या गोळ्या नीट चालू ठेवायला सांगितल्या. डिलिव्हरीनंतर तीन आठवड्यांत आपोआप गेलं. त्या दिवसांत आई रात्री दोनला उठून मला आठळ्या सोलायला द्यायची, हाताला काम मिळालं की पाय विसरायचे, जाळीवाल्या दादांचं अगदी पटलं. सकाळी घरभर आठळ्याच आठळ्या.

सागर_गुहागर

वडिलांना १५ वर्षं शुगर आहे, तळपाय जळतात, रात्री चादर नको होते, पंखा पायावर लावून झोपतात. हेच का ते?

मेडिकलवाला_चिपळूण

बहुतेक नाही. शुगरने नसा खराब होतात त्यात जळजळ, बधिरपणा तळव्यापासून सुरू होतो, दिवसा पण असतो आणि चाललं म्हणून थांबत नाही. इथे चाललं की लगेच थांबतं, हा मोठा फरक. पोटरीत गोळा येतो तोही वेगळा, त्यात स्नायू दगडासारखा होतो आणि माणूस ओरडतो. पण एकाच माणसाला दोन्ही असू शकतात, शुगरवाल्यांच्या पायांना डॉक्टरचा हात लागलाच पाहिजे.

निवृत्त_कारकून_रत्नागिरी

मी सहसा लिहीत नाही, वाचतो. पण ह्या विषयावर गप्प बसलो तर चूक होईल.

मला २०१७ पासून हा त्रास. तेव्हा प्रामिपेक्सोल नावाची, डोपामिनसारखं काम करणारी गोळी सुरू झाली, अगदी छोटी, झोपायच्या दोन तास आधी. पहिल्या रात्री जी झोप लागली ती मी आयुष्यात विसरणार नाही, सकाळी उठून बायकोला म्हटलं देव भेटला. दीड-दोन वर्षं स्वर्ग. मग त्रास रात्री दहाऐवजी सातला सुरू व्हायला लागला, गोळी अर्धी वाढवली, बरं वाटलं. मग चारला. परत वाढवली. मग दुपारी जेवून आरामखुर्चीत बसलो तरी पाय, आणि एक दिवस बघतो तर हात पण. मला वाटायचं आजार वाढतोय म्हणून औषध वाढवायचं, आणि खरं उलट होतं, औषध वाढत होतं म्हणून आजार वाढत होता. ह्याला ऑगमेंटेशन म्हणतात, हे मला चौथ्या वर्षी दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं.

दुसरं सांगायला लाज वाटते. त्या काळात मला मोबाईलवर रमी खेळायचा नाद लागला. ३४ वर्षं ऑफिसात दुसऱ्यांचे हिशोब तपासले, कधी लॉटरीचं तिकीट घेतलं नाही, आणि मी रात्री तीनला पेन्शनचे पैसे लावत बसलेलो. बायकोला वाटलं माणूस बदलला. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं, जुगार, खरेदी, खाणं असं काही वाढलंय का, तेव्हा मी रडलो. ह्या जातीच्या गोळ्यांनी असं होऊ शकतं. आधी कोणी सांगितलं असतं तर.

गोळी एकदम बंद करायची नसते, फार हाल होतात, हळूहळू कमी केली आणि ती काढताना मधले दहा-बारा दिवस मी अक्षरशः भाट्याच्या किनाऱ्यावर पहाटेपर्यंत चाललो. आता प्रेगाबालिन चालू आहे, ती वेगळ्या जातीची, नसांच्या दुखण्यावर देतात ती गोळी. तिचेही गुण आहेत, सकाळी जरा तोल जातो, वजन वाढलं, रात्री बाथरूमला उठताना मी भिंत धरूनच जातो. पण पाय रात्रीपुरतेच आणि रमी बंद. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या स्लीप मेडिसिनच्या अकॅडमीने पण हेच छापलं, प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल ह्या गोळ्या सरसकट देऊ नका, आधी लोह बघा आणि गॅबापेंटिन, प्रेगाबालिनचा विचार करा. तेव्हा ताई, कोणी पहिल्याच भेटीत डोपामिनची गोळी लिहून दिली तर हा प्रश्न विचाराच. आणि ज्यांना आधीच चालू आहे त्यांनी हे वाचून उद्या सकाळी ती फेकून देऊ नये, डॉक्टरकडे जावं.

जाळीवाला_मालवण

काका, दंडवत. हे लिवक धाडस लागता.

आजीबाईचा_बटवा_रायगड

कारकून काका, वाचून वाईट वाटलं. बरं लोहच हवं असेल तर गूळ, नाचणी, लोखंडी तवा आहे की, गोळ्या कशाला.

मेडिकलवाला_चिपळूण

तवा चांगलाच, वापरा. मासे खात असाल तर तिसऱ्या, मुळे अशी शिंपल्यातली मासळी उत्तम, त्यातलं लोह अंगाला लागतं. पालेभाजी-कडधान्यावर लिंबू पिळा. पण गोडाऊन रिकामं झाल्यावर नुसत्या गुळाने भरायला वर्षं जातील आणि गुळाने तोवर शुगर भरेल. गोळी रिपोर्ट बघूनच आणि डॉक्टरांनी सांगितली तरच, कारण लोह जास्त झालं तर तेही लिव्हरला वाईट. बरेच डॉक्टर हल्ली एक दिवसाआड देतात, रोजच्यापेक्षा एकेका गोळीतलं लोह जास्त अंगाला लागतं आणि पोटही कमी बिघडतं. लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहा, दूध आणि ताई तुमची ती कॅल्शियमची गोळी ह्यांच्याबरोबर नको, निदान दोन तासांचं अंतर. शौचाला काळं होतं, घाबरू नका. आणि फरक पडायला दोन-तीन महिने धरा, आठवड्यात काही होत नाही म्हणून सोडणारे गिऱ्हाईक मी रोज बघतो. गोळी पचतच नसेल किंवा आकडा फार खाली असेल तर शिरेतून देतात, ते दवाखान्यातच, घरी नर्स बोलावून नाही. मॅग्नेशियमचं विचाराल म्हणून आधीच सांगतो, मी ते विकतो, पण त्याने पाय थांबतात ह्याला फारसा पुरावा नाही.

देवगडकरीण (साडेतीन महिन्यांनंतर)

मंडळी, खूप दिवसांनी आले. मधे गणपती, मग पाहुण्यांचा सीझन, आणि खरं सांगायचं तर रात्री झोपत होते म्हणून इथे यायला वेळच नव्हता.

सर्दीची गोळी दुसऱ्याच दिवशी बदलून घेतली, तिथेच चार-पाच दिवसांत थोडा फरक जाणवला. फेरिटिन आलं १३. रिपोर्टवर खरंच गोल नव्हता, नॉर्मलमध्येच छापलेलं! मी कणकवलीच्या फिजिशियनना आकडा दाखवून पायांचं सगळं सांगितलं, त्यांनी मान हलवली आणि पहिलाच प्रश्न विचारला घरात कोणाला होतं का. लोह एक दिवसाआड चालू केलं. सोनोग्राफीत पिशवीला दोन गाठी निघाल्या, त्याचे उपचार वेगळे चालू आहेत, पाळी आता पाच दिवसांवर आलीय. परवा परत तपासलं, फेरिटिन ४१. अजून ७५ लांब आहे पण पाय रोजचे आठवड्यातून दोन-तीनदावर आलेत, आणि येतात तेव्हा पण अर्ध्या तासात गप्प.

झोपेचं पण शिकले. दहाला आडवं पडून पायांची वाट बघत बसायचे ते बंद केलं, आता दहा ते साडेअकरा दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं वाटण करते, लसूण सोलते, कोकमं निवडते, मग गार पाणी ओतून झोपते. पहाटेची झोप चांगली लागते म्हणून सकाळचा चहा-नाश्ता नवऱ्याकडे दिलाय आणि मी सातला उठते. पाहुणे म्हणतात घावणे जाड होतात. होऊदेत. चहा दोनवर आणलाय, त्याचं दुःख वेगळं. नवरा पडवीतून परत आत आलाय पण उशी मधे ठेवून.

आईला फोन करून सांगितलं सगळं, ७१ ची आहे ती. दोन मिनिटं काही बोललीच नाही, मग म्हणाली मी इतकी वर्षं समजत होते माझ्या अंगात आळस नाही म्हणून पाय थांबत नाहीत. तिचं फेरिटिन पण करायला पाठवलंय, ह्या आठवड्यात येईल.

आणि वाडीत आता विहिरीकडे कोणी दिसत नाही. सासूबाई म्हणतात गाऱ्हाणं पावलं, शनिवारी पाच नारळ आणि कोंबडा कबूल केलाय.

जाळीवाला_मालवण

कोंबडो शनिवारी कित्याक, रविवारी ठेव. आमी सगळे येतांव जेवूक.

मेडिकलवाला_चिपळूण

या, पण जेवल्यावर कोरा चहा नाही.